सेरेब्रल पाल्सी आणि स्वतंत्र जीवन : संकल्पना, वास्तव आणि महाविद्यालयाची भूमिका

प्रस्तावना

‘सेरेब्रल पाल्सी’ हा शब्द मराठीत अद्याप पुरता रुळलेला नाही. शासकीय कागदपत्रांत ‘मेंदूचा पक्षाघात’ असा उल्लेख आढळतो, क्वचित ‘प्रमस्तिष्क घात’ असे अवघड भाषांतर दिसते आणि पालक व डॉक्टर बोलताना नुसते ‘सी. पी.’ म्हणतात. प्रस्तुत लेखात सेरेब्रल पाल्सी हाच शब्द योजला आहे. त्याचे कारण असे की, ‘पक्षाघात’ म्हटले की उतारवयात झटका येऊन अंथरुणाला खिळलेली व्यक्ती डोळ्यांसमोर उभी राहते आणि त्यास ‘मेंदूचा’ हे विशेषण लागले की बुद्धीच गेली असा समज होतो. हे दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यांची किंमत सेरेब्रल पाल्सी असलेली व्यक्ती आयुष्यभर मोजत असते.

या विषयावरील जे मराठी लेखन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आले, ते बहुतांशी लहान मुलांच्या पालकांसाठी लिहिलेले आहे. व्यायाम कसे घ्यावेत, आहार कसा द्यावा, शाळा कोणती निवडावी, हा त्याचा रोख असतो. हे लेखन आवश्यकच आहे. परंतु ही मुले मोठी होतात, दहावी-बारावी उत्तीर्ण होतात आणि एके दिवशी आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेश-कक्षासमोर येऊन थांबतात, याची दखल तेथे फारशी घेतली जात नाही. ती दखल प्राध्यापकवर्गाने घेणे क्रमप्राप्त आहे.

या लेखाचे निमित्त वैयक्तिक आहे. काही वर्षांपूर्वी प्रवेश समितीचे काम पाहत असताना एक विद्यार्थी आपल्या आईसह प्रस्तुत लेखकाच्या टेबलासमोर आला. चाकाच्या खुर्चीत बसलेला, मान एका बाजूला कललेली, हाताच्या हालचाली अनियंत्रित. लेखकाने अर्ज हाती घेतला आणि सर्व प्रश्न आईला विचारण्यास सुरुवात केली. ‘याला कोणता विषय घ्यायचा आहे?’ आई शांतपणे म्हणाली, ‘सर, त्यालाच विचारा ना.’ त्याला विचारले. उत्तर यायला अर्धे मिनिट तरी लागले असेल. ‘राज्यशास्त्र’ हा एक शब्द उच्चारण्यासाठी त्याचा चेहरा, खांदे, हात असे सारे शरीर कामाला लागले होते. त्या अर्ध्या मिनिटात मागील रांगेतून कोणीतरी ‘पुढचे घ्या हो’ असेही म्हणाले. बारावीच्या गुणपत्रिकेवर त्यास प्रथम श्रेणी होती आणि ती गुणपत्रिका प्रस्तुत लेखकाच्या हातातच होती. तरीही प्रश्न आईला विचारले गेले, ही चूक येथे नोंदवून पुढील विवेचनाकडे वळतो.

सेरेब्रल पाल्सीचे स्वरूप

सेरेब्रल पाल्सी हा एक रोग नसून लक्षणसमूह आहे. गर्भावस्थेत, जन्माच्या वेळी अथवा शैशवात, म्हणजे मेंदूची वाढ होत असताना, त्यास इजा झाल्यामुळे किंवा त्याच्या जडणघडणीत दोष राहिल्यामुळे हालचाल व शरीराची ठेवण यांवर जो कायमस्वरूपी परिणाम होतो, त्यास ही संज्ञा आहे. मेंदूतील मूळ इजा वाढत नाही, हे या व्याख्येतील महत्त्वाचे अंग होय. दर १००० जिवंत जन्मांमागे साधारणपणे २ ते ३ बालकांमध्ये ही स्थिती आढळते, असे दीर्घकाळ मानले जात आले आहे. अलीकडे काही प्रगत देशांत हे प्रमाण २ च्या खाली आल्याचे दिसते.

इंग्रज शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या स्थितीचे पद्धतशीर वर्णन केले. म्हणून ती बराच काळ ‘लिटलचा आजार’ या नावाने ओळखली जात असे. लिटल यांनी अवघड प्रसूती व जन्मसमयी श्वास गुदमरणे यांवर भर दिला. मनोविश्लेषणामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेले सिग्मंड फ्रॉइड हे मुळात मज्जासंस्थेचे अभ्यासक होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांनी १८९७ मध्ये बालकांच्या मेंदूच्या पक्षाघातावर सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि लिटल यांच्यापेक्षा वेगळा विचार मांडला. अवघड प्रसूती हे नेहमीच कारण असेल असे नाही; गर्भाच्या वाढीत आधीच झालेल्या बिघाडाचे ते लक्षणही असू शकेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. फ्रॉइड यांचा हा तर्क पुढे जवळजवळ शतकभर मागे पडला. आज मात्र बहुसंख्य प्रकरणांची मुळे प्रसूतीपूर्व काळात असतात, असे प्रगत देशांतील अभ्यास सांगतात. अपुऱ्या दिवसांचा जन्म व अत्यल्प वजन, गर्भावस्थेतील जंतुसंसर्ग, नवजात अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर ही अन्य कारणे होत. आपल्याकडे मात्र दोष अजूनही आईच्या माथी मारला जातो. ग्रहणात भाजी चिरली, डोहाळे पुरवले नाहीत, मागच्या जन्मीचे काही राहिले, अशी कारणे सुशिक्षित घरांतही कानी पडतात.

इजा मेंदूच्या कोणत्या भागास झाली यावरून प्रकार ठरतात. स्नायू ताठर राहणारा ‘स्पॅस्टिक’ हा प्रकार सर्वाधिक, म्हणजे सुमारे ८० टक्के व्यक्तींमध्ये आढळतो. दुसऱ्या प्रकारात अनैच्छिक हालचाली होत राहतात. तिसऱ्यात तोल व समन्वय बिघडतो. काहींमध्ये मिश्र लक्षणे दिसतात. अनैच्छिक हालचालींच्या प्रकाराविषयी वर्गात शिकविणाऱ्याने एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. व्यक्ती जितका अधिक प्रयत्न करील, जितकी घाई वा दडपण असेल, तितक्या या हालचाली वाढतात. ‘जरा लवकर बोल’ असे म्हणताच उत्तरास दुप्पट वेळ लागतो तो यामुळे. हा हट्ट नव्हे आणि घाबरटपणाही नव्हे.

तीव्रतेतही मोठे अंतर असते. कॅनडातील संशोधकांनी १९९७ मध्ये मांडलेले पाच पातळ्यांचे वर्गीकरण आता जगभर वापरले जाते. पहिल्या पातळीवरील व्यक्ती विनाआधार चालते, जिना चढते; केवळ वेग व तोल यांत थोडी उणीव असते. पाचव्या पातळीवरील व्यक्तीस मान सावरण्यासाठीही आधार लागतो. म्हणजेच ‘सेरेब्रल पाल्सी आहे’ एवढ्या माहितीवरून त्या व्यक्तीस काय जमेल व काय जमणार नाही, याचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

वाणी आणि बुद्धी यांची गल्लत

सन २०१२ मध्ये आयोना नोवाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा एकत्रित आढावा घेऊन काही प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यानुसार सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तींपैकी ४ मधील ३ जणांना वेदना असतात. २ मधील एकास बौद्धिक अक्षमता असते. ३ मधील एकास चालता येत नाही. ४ मधील एकास बोलता येत नाही आणि ४ मधील एकास अपस्मार असतो. यांतील दोन आकडे विचारात घेण्याजोगे आहेत. निम्म्या व्यक्तींना बौद्धिक अक्षमता असते याचाच अर्थ निम्म्यांना ती नसते. आणि वेदना, जिच्याविषयी आपण कधी विचारतही नाही, ती बुद्धिविषयक अडचणीपेक्षा अधिक व्यापक आहे.

बोलणे ही शरीराची अत्यंत सूक्ष्म अशी स्नायुक्रिया आहे. श्वास, स्वरयंत्र, टाळू, जीभ व ओठ यांचा क्षणाक्षणाचा मेळ साधावा लागतो. हा मेळ बिघडला की शब्द अस्पष्ट होतात, लाळ गळते, चेहरा वेडावाकडा होतो. आपल्या समाजात अस्खलित बोलणे हेच बुद्धिमत्तेचे प्रमाणपत्र मानले जाते, आणि प्राध्यापकी पेशात तर ते विशेषच. त्यामुळे वाणी अडखळली की बुद्धीही अडखळत असावी, असा निष्कर्ष आपल्याही नकळत निघतो.

डब्लिनमध्ये १९३२ साली जन्मलेल्या ख्रिस्ती ब्राउन यांचे उदाहरण या संदर्भात जगभर दिले जाते. गवंडीकाम करणाऱ्या वडिलांचे मोठे कुटुंब. मुलगा मतिमंद आहे असे डॉक्टरांनी सांगितलेले. आईने ते मान्य केले नाही. वयाच्या पाचव्या वर्षी त्याने डाव्या पायाच्या बोटांत खडू धरून जमिनीवर एक अक्षर काढले आणि त्याच्या बुद्धीविषयीचा वाद संपला. पुढे तो चित्रकार व लेखक झाला. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे ‘माय लेफ्ट फूट’ हे आत्मकथन आणि त्यावरील १९८९ चा चित्रपट सुपरिचित आहेत. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. अशा कथांचा उपयोग आपण बहुधा भाषणांत, ‘त्याने पायाने लिहिले, मग तुम्हाला हाताने काय होते?’ अशा धर्तीवर करतो. त्यामुळे कथेतील खरा प्रश्न बाजूला पडतो. खडू पायात धरता आला नसता तर? ज्या मुलांना तोही धरता आला नाही, त्यांच्या बुद्धीचे काय झाले असेल?

आज या प्रश्नाला तंत्रज्ञानाने काही अंशी उत्तर दिले आहे. चित्रे व अक्षरे असलेला साधा पुठ्ठ्याचा तक्ता, नजरेने अक्षर निवडण्याची सोय, टंकलिखित मजकूर मोठ्याने वाचणारे यंत्र अशी अनेक साधने उपलब्ध आहेत. चेन्नई येथे अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाज’ हे साधन भारतीय परिस्थितीचा विचार करून तयार झालेले आहे. त्यामागे चेन्नईच्या ‘विद्या सागर’ या संस्थेतील मुलांचा अनुभव होता.

वाढते वय आणि थकवा

मेंदूतील इजा वाढत नसली तरी शरीर वयानुसार बदलते. ताठर स्नायू आखडतात, सांधे झिजतात, नितंबाचा सांधा सरकू शकतो, पाठीचा कणा वाकतो. बालपणी कुबड्यांवर चालणारी व्यक्ती तिशीत चालणे सोडून देते, असे पुष्कळदा घडते. पालक व शिक्षक यास हार समजतात. वस्तुतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या व्यक्तीस चालण्यासाठी इतरांच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट ऊर्जा खर्च करावी लागते. दुसऱ्या मजल्यावरील वर्गात जिना चढून पोहोचलेला असा विद्यार्थी पहिल्या तासाला काय ऐकू शकेल, याची कल्पना करावी. चाकाची खुर्ची स्वीकारल्याने वाचलेली शक्ती जर अभ्यासाकडे, नोकरीकडे, मित्रांकडे वळणार असेल, तर ती खुर्ची हे स्वातंत्र्याचेच साधन ठरते. फिजिओथेरपी, स्नायू सैल करणारी औषधे व इंजेक्शने, शस्त्रक्रिया, आधारपट्टे या सर्वांचे मोल आहेच. तथापि ‘सरळ चालता येणे’ हे आयुष्याचे एकमेव ध्येय ठरविले की बालपण व्यायामात जाते आणि शिक्षण मागे पडते. या विषयावरील अनेक आत्मकथनांत ही खंत व्यक्त झाली आहे.

स्वावलंबन म्हणजे काय?

आपल्या परंपरेत स्वावलंबनाचा अर्थ ‘स्वतःचे काम स्वतः करणे’ असा आहे. आश्रमीय व गांधीवादी विचारांतून तो आपल्या शिक्षणसंस्थांच्या बोधवाक्यांपर्यंत पोहोचला आहे. या अर्थाने पाहिले तर ज्या व्यक्तीला सदऱ्याचे बटन लावता येत नाही, ती कधीच स्वावलंबी होऊ शकत नाही.

अमेरिकेतील बर्कले येथे १९६० च्या दशकात या अर्थालाच आव्हान मिळाले. एड रॉबर्ट्स या पोलिओग्रस्त तरुणाने १९६२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळविला. श्वासोच्छ्वासासाठी लागणारे त्याचे अवजड यंत्र वसतिगृहात मावत नसल्याने त्याची व्यवस्था विद्यापीठाच्या रुग्णालयात करण्यात आली. पुढे तेथे आणखी अपंग विद्यार्थी आले आणि त्यांच्या चर्चांतून १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही संस्था उभी राहिली. त्यांचा विचार थोडक्यात असा होता : स्वातंत्र्य हे स्नायूंच्या बळावर मोजायचे नसून निर्णयाच्या अधिकारावर मोजायचे. दोन तास खटपट करून स्वतः कपडे घालणारी आणि नंतर थकून घरीच बसणारी व्यक्ती स्वतंत्र, की मदतनीसाकडून पंधरा मिनिटांत कपडे घालून घेऊन कामावर जाणारी? कोणते कपडे घालायचे, केव्हा उठायचे, कोणाला भेटायचे हे ठरविणारा कोण, हा खरा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या १९ व्या अनुच्छेदात हाच विचार जागतिक मान्यता पावला. भारताने हा करार १ ऑक्टोबर २००७ रोजी अनुसमर्थित केला.

आपल्या कुटुंबव्यवस्थेच्या संदर्भात ही संकल्पना जशीच्या तशी लागू होईल काय, अशी शंका काही अभ्यासक घेतात. येथे पगारी मदतनीसाची जागा आई घेते, आणि आईकडून घेतलेल्या मदतीचा हिशेब होत नाही. परंतु तिच्या निर्णयाला नकारही देता येत नाही. शंका रास्त आहे. मात्र तिचे उत्तर संकल्पना टाकून देण्यात नाही. आईचे वय होते, हे तर प्रत्येक घरातील पालक न बोलता जाणून असतात. ‘आमच्यानंतर याचे कसे?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखकाने जितक्या पालकांशी बोलणे झाले तितक्या सर्वांकडून ऐकला आहे.

मालिनी छिब : मुंबईतील एक उदाहरण

बर्कलेतील संस्था स्थापन झाली त्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ची स्थापना केली. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत्या. संस्थेमागील कारण घरचेच होते. मिठू अलूर यांची कन्या मालिनी हिचा जन्म १९६६ मध्ये कोलकाता येथे झाला. तिला सेरेब्रल पाल्सी होती. इंग्लंडमध्ये उपचार व शिक्षण घेऊन कुटुंब भारतात परतले तेव्हा तिच्यासाठी योग्य शाळाच नव्हती. म्हणून शाळा काढावी लागली. संस्थेने पुढे ‘स्पॅस्टिक’ हा शब्द टाकून ‘अडॅप्ट’ हे नाव घेतले. ब्रिटनमधील समनामी संस्थेनेही १९९४ मध्ये ‘स्कोप’ असे नामांतर केले होते, कारण तेथे हा शब्द शाळकरी मुलांच्या तोंडी शिवीसारखा झाला होता.

मालिनी छिब यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून इतिहास विषयात पदवी घेतली. तेव्हा अपंगांच्या शिक्षणाचा हक्क सांगणारा १९९५ चा कायदा अस्तित्वात नव्हता, हे लक्षात घ्यावे. महाविद्यालयाने प्रवेश दिला तो हक्क म्हणून नव्हे, सद्भावना म्हणून. पुढे ऑक्सफर्ड येथे प्रकाशनविषयक अभ्यासक्रम आणि लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या, एक स्त्री-पुरुष भेदाच्या अभ्यासातील व दुसरी ग्रंथालय व माहिती व्यवस्थापनातील, त्यांनी संपादन केल्या. मुंबईत एका मोठ्या ग्रंथदालनात कार्यक्रमांच्या संयोजनाची वरिष्ठ जबाबदारी त्यांनी सांभाळली. एका बोटाने टंकलेखन करून लिहिलेले त्यांचे ‘वन लिटिल फिंगर’ हे आत्मकथन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

या आत्मकथनाचे मर्म पदव्यांच्या यादीत नाही. लंडनमध्ये विजेवर चालणारी खुर्ची, उतरंड असलेले पदपथ आणि खुर्चीसह चढता येईल अशी बस, एवढ्या गोष्टी मिळताच ज्या व्यक्तीला मुंबईत सतत कोणाच्या तरी सोबतीची गरज होती, तीच व्यक्ती एकटी वर्गात, दुकानात, मित्रांकडे जाऊ लागली. मुंबईला परतल्यावर पुन्हा सोबत लागू लागली. शरीर तेच, मेंदूतील इजा तीच, वय फार तर थोडे वाढलेले. बदलला होता तो पदपथ. अपंगत्वाचा ‘सामाजिक दृष्टिकोन’ म्हणून ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी जो विचार १९८० च्या दशकात मांडला, तो समाजशास्त्राच्या वर्गात समजावून सांगण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही.

एक विषय आपल्याकडे टाळला जातो. अपंग तरुणाला वा तरुणीला प्रेम, विवाह, शारीरिक ओढ असते, हे मान्य करण्यास घरचे व शिक्षक दोघेही कचरतात. मालिनी छिब यांनी त्याविषयी मोकळेपणाने लिहिले. त्यांच्या बहिणीच्या नात्यातील दिग्दर्शिका शोनाली बोस यांचा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ हा २०१४ चा चित्रपट त्यांच्याच जीवनावरून सुचलेला आहे. चित्रपटाची नायिका एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी आहे, ही बाब आपल्यासाठी विशेष महत्त्वाची.

कायद्याचे अधिष्ठान

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यातील सात प्रकारांत सेरेब्रल पाल्सीला स्वतंत्र स्थान नव्हते. चलनवलनविषयक अपंगत्वाच्या व्याख्येत तिचा समावेश केलेला होता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व व बहुविकलांगता यांसाठी स्वतंत्र यंत्रणा निर्माण केली. याच न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा आणि शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के पदे लक्षणीय अपंगत्व, म्हणजे किमान ४० टक्के अपंगत्व, असलेल्या व्यक्तींसाठी राखीव ठेवणे बंधनकारक झाले.

आरक्षणापेक्षाही या कायद्यातील ‘वाजवी सोयी’ची संकल्पना अधिक दूरगामी आहे. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता यावेत म्हणून, संस्थेवर अवाजवी भार न टाकता जो आवश्यक बदल करावा लागतो, तो म्हणजे वाजवी सोय. ती सर्वांसाठी एकसारखी नसते. व्यक्तीला विचारूनच ठरवावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार प्रकरणात असा निर्णय दिला की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात याच न्यायालयाने सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणाऱ्या नियमास कायद्याशी विसंगत ठरविले व बंधनकारक निकष तयार करण्यास सांगितले.

जीजा घोष यांचे प्रकरण गोव्याशी निगडित आहे. कोलकाता येथील या कार्यकर्त्या स्वतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या असून अपंगत्वविषयक अभ्यासात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या आहेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये गोव्यातील एका परिषदेसाठी त्या निघाल्या होत्या. त्या विमानात आसनस्थ झाल्यानंतर त्यांना खाली उतरविण्यात आले. त्यांची प्रकृती प्रवासास योग्य नाही असे विमान कर्मचाऱ्यांनी परस्पर ठरविले होते. परिषद हुकली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना १० लाख रुपये भरपाई मंजूर केली. पुढे त्यांनी विवाह केला आणि एक मुलगी दत्तक घेतली. विमानातून उतरविण्यामागे द्वेष नव्हता, ‘काळजी’ होती. प्रवेश-कक्षात आईला प्रश्न विचारण्यामागेही तीच काळजी असते.

महाविद्यालयात काय घडते

केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक घेणाऱ्या परीक्षार्थीस दर तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ मिळतो. म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेस चार तास. हे बहुतेक परीक्षा विभागांना ठाऊक असते. अडचण येते ती अंमलबजावणीत. स्वतःचा लेखनिक आणल्यास त्याची पात्रता परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावी असे २०१८ च्या सूचना सांगत होत्या. राज्यशास्त्राच्या उत्तरातील संज्ञा अकरावीच्या मुलाला सांगून लिहून घेणे, तेही अस्पष्ट वाणीतून, हे किती कष्टाचे काम आहे ते पर्यवेक्षण केल्याशिवाय कळत नाही. उपरोक्त विद्यार्थ्याच्या पहिल्या सत्रातील उत्तरपत्रिकेत ‘सार्वभौमत्व’ हा शब्द तीन निरनिराळ्या प्रकारे लिहिलेला होता आणि एका परीक्षकाने त्याबद्दल गुण कापले होते. चूक लेखनिकाची, गुण विद्यार्थ्याचे. पुढील सत्रापासून त्याने संगणकावर स्वतः टंकलेखन करण्याची परवानगी मागितली. ही मागणी नियमात कोठे बसते, यावर जो पत्रव्यवहार झाला तो दोन सत्रे चालला.

तोंडी परीक्षा हा तर अधिक नाजूक विषय. अंतर्गत मूल्यमापनात सादरीकरणाला गुण असतात आणि त्या गुणांत ‘आत्मविश्वास’, ‘ओघ’ असे रकाने असतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या विद्यार्थ्याचा ओघ कसा मोजणार? प्रश्न आदल्या दिवशी देऊन उत्तर टंकलिखित घ्यावे, अथवा वेळेची मर्यादा काढून टाकावी, असे साधे उपाय आहेत. अशा विद्यार्थ्याचे बोलणे समजले नाही तर समजल्याचा बहाणा करू नये, पुन्हा सांगण्यास सांगावे. त्याचे वाक्य आपण पूर्ण करू नये. सोबत मदतनीस असला तरी विद्यार्थ्याकडे पाहूनच बोलावे. याला प्रशिक्षण लागत नाही. आठवडाभर रोज ऐकल्यावर बहुतेक अस्पष्ट वाणी कानाला समजू लागते. वर्गातील त्याच्या मित्रांना ती आपल्याआधी समजू लागते, असा अनुभव आहे.

इमारतींविषयी काय लिहावे! मूल्यांकन समितीच्या भेटीपूर्वी घाईने बांधलेली उतरंड बहुतेक ठिकाणी दिसते. ती कधी इतकी तीव्र असते की खुर्ची वर ढकलण्यास दोन जण लागतात, तर कधी ती मुख्य दारापाशी नेऊन सोडते आणि आत पुन्हा तीन पायऱ्या असतात. प्रसाधनगृहाचा प्रश्न उतरंडीहून गंभीर आहे, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. सोय नाही म्हणून सकाळपासून पाणी न पिणारे विद्यार्थी आहेत. मुलींच्या बाबतीत तर यामुळे शिक्षणच थांबते. दाराची रुंदी, दार बाहेरच्या बाजूस उघडणे, भिंतीला धरण्यासाठी दांडा, एवढ्याच या गोष्टी आहेत आणि त्यांचा खर्च एका स्नेहसंमेलनाच्या मंडपाहूनही कमी येतो.

आणि काही सोयींना खर्चच नसतो. आमच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राचे वर्ग दुसऱ्या मजल्यावर भरत. सुरुवातीचे वर्षभर चार मित्र त्या विद्यार्थ्यास खुर्चीसह उचलून नेत असत, आणि आम्ही सर्व शिक्षक त्या मुलांचे कौतुक करीत असू. स्नेहसंमेलनात त्यांचा सत्कारही झाला. दुसऱ्या वर्षी त्यानेच विभागप्रमुखांना टंकलिखित पत्र दिले. मित्रांनी उचलून नेणे त्यास आवडत नाही, एखादा मित्र गैरहजर असला की तासाला जाता येत नाही, आणि कोणाशी भांडणही करता येत नाही, असे त्यात लिहिले होते. वेळापत्रक पाहिले असता तळमजल्यावरील दोन वर्गखोल्या सकाळच्या सत्रात रिकाम्याच असल्याचे आढळले. पुढच्या सोमवारपासून राज्यशास्त्राचे सर्व तास खाली भरू लागले. त्यानंतरच्या महिन्यात त्या चौघांपैकी एकाशी त्याचे कडाक्याचे भांडण झाले व दोघे आठवडाभर बोलत नव्हते, ही बातमी स्टाफरूममध्ये शिपायाने आणली.